नवा क्वार्टरबॅक घ्यावा का? – एका निर्णयाचा अभ्यास

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायाने खेळला जाणारा गोल चेंडूचा खेळ येतो. अमेरिकेत मात्र हे नाव एका वेगळ्याच खेळाला आहे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला लांबट चेंडू हातांनी फेकत, झेलत आणि उराशी धरून पळत हा खेळ खेळला जातो. तेथील ‘नॅशनल फुटबॉल लीग’मध्ये ३२ संघ आहेत. हंगाम संपला की तळाला राहिलेल्या संघांच्या कार्यालयांत एक प्रश्न हमखास चर्चेला येतो. आपला क्वार्टरबॅक बदलावा का, आणि बदलायचा तर येत्या निवडीत नवा तरुण खेळाडू घ्यावा का?

बँकेच्या मासिकात हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. कर्जप्रस्तावाची छाननी करणारा अधिकारी किंवा आयुष्याची बचत एखाद्या योजनेत गुंतवणारा ग्राहक अपुऱ्या माहितीवर, ठरलेल्या मुदतीत आणि सहजासहजी मागे न घेता येणारा निर्णय घेत असतो. क्वार्टरबॅकची निवड याच जातीची आहे. फरक इतकाच की तिचे परिणाम सर्वांसमोर, आकड्यांनिशी नोंदले जातात. त्यामुळे निर्णयांच्या अभ्यासकांना हा खेळ एखाद्या प्रयोगशाळेसारखा उपयोगी पडला आहे. प्रस्तुत लेखात आपण सॅन डिएगो चार्जर्स या संघाने २००४ मध्ये घेतलेला निर्णय तपासून पाहणार आहोत.

खेळ आणि निवडीची पद्धत

मैदानावर प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो दूरच्या सहकाऱ्याकडे फेकायचा, जवळच्या धावपटूच्या हाती सोपवायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. समोरून शंभर-सव्वाशे किलो वजनाचे प्रतिस्पर्धी त्याला पाडण्यासाठी धावून येत असतात. त्यांना अडवणारी पाच जणांची संरक्षक फळी त्याच्यापुढे उभी असते, आणि पुढील विवेचनात या फळीला मोठे महत्त्व आहे.

नवे खेळाडू मिळतात ते ‘ड्राफ्ट’मधून. आयपीएलच्या लिलावाशी आता आपण परिचित आहोत. तेथे ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. गेल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याची पाळी पहिली. विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून प्रत्येक संघ क्रमाने एकेक नाव घेतो आणि अशा सात फेऱ्या होतात. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला आणि त्यात सर्वप्रथम निवडला गेलेला जे बरवँगर या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पहिल्या पसंतीचा खेळाडू म्हणजे यशाची हमी नव्हे, याचा दाखला असा पहिल्याच वर्षी मिळाला.

निवडीची पाळी हा एक हक्क आहे आणि तो संघांना आपसांत हस्तांतरित करता येतो. चालू वर्षाचाच नव्हे तर पुढील वर्षांचाही. येथूनच हा विषय आपल्या परिचयाच्या प्रांतात शिरतो.

सॅन डिएगोचे जुने खाते

१९९८ च्या ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅकांची नावे गाजत होती, पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. पहिली पाळी इंडियानापोलिसची होती, तिसरी सॅन डिएगोची. तिसऱ्या क्रमांकावर थांबलो तर दोघेही हातचे जातील या भीतीने सॅन डिएगोने ॲरिझोनाकडून दुसरी पाळी मिळवली. त्यासाठी आपली तिसरी पाळी, त्याच वर्षीचा दुसऱ्या फेरीतील हक्क, १९९९ चा पहिल्या फेरीतील हक्क आणि वर दोन खेळाडू एवढी किंमत मोजली. एका पायरीसाठी इतके! इंडियानापोलिसने मॅनिंगला घेतले, सॅन डिएगोने लीफला. त्याच्याशी चार वर्षांचा, ३ कोटी १२ लाख ५० हजार डॉलरचा करार झाला आणि त्यांपैकी १ कोटी १२ लाख ५० हजार डॉलर केवळ स्वाक्षरीपोटी देण्यात आले.

पहिल्या हंगामात लीफने दोन टचडाउन फेकले आणि त्याचे १५ चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. दुसरे वर्ष खांद्याच्या दुखापतीत गेले. २००० मध्ये संघ १६ पैकी एकच सामना जिंकला आणि २००१ च्या आरंभी लीफला मुक्त करण्यात आले. ॲरिझोनाने १९९९ च्या त्या हक्कावर डेव्हिड बॉस्टन हा चेंडू झेलणारा खेळाडू घेतला होता. पुढे २००३ मध्ये सॅन डिएगोने याच बॉस्टनला मोठ्या करारावर आपल्याकडे आणले आणि वर्षभरात सोडूनही दिले. एकाच व्यवहाराची किंमत दोन वेळा मोजण्याचा हा प्रकार हिशेबनीसाला अस्वस्थ करणारा आहे.

२००१ मध्ये पहिली पाळी सॅन डिएगोकडे आली. सर्वांचे लक्ष मायकेल व्हिक या चपळ क्वार्टरबॅककडे होते. नवे महाव्यवस्थापक जॉन बटलर यांनी तो मोह टाळला. त्यांनी पहिली पाळी अटलांटाला देऊन पाचवी पाळी, आणखी दोन हक्क आणि एक खेळाडू घेतला. पाचव्या क्रमांकावर लाडेनियन टॉमलिन्सन हा धावपटू मिळाला आणि दुसऱ्या फेरीच्या आरंभी, एकूण ३२ व्या क्रमांकावर, ड्र्यू ब्रीझ हा क्वार्टरबॅक. ब्रीझची उंची जेमतेम सहा फूट. समोरच्या धिप्पाड फळीवरून त्याला दिसेल तरी का, ही शंका तेव्हा उघडपणे बोलली जाई.

२००३ चा ताळेबंद

ब्रीझ २००२ मध्ये सर्व सामने खेळला आणि संघाचे आठ विजय, आठ पराभव झाले. २००३ मध्ये मात्र घसरगुंडी झाली. त्याने आरंभ केलेल्या ११ सामन्यांपैकी संघ दोनच जिंकला. ११ टचडाउनांना १५ हिरावले गेलेले चेंडू, असा त्याचा हिशेब होता. मधल्या काळात त्याला बाजूला करून ४१ वर्षांच्या डग फ्लुटीला खेळवण्यात आले. संघाचा हंगाम ४ विजय आणि १२ पराभवांवर आटोपला. ॲरिझोना, ओकलंड आणि न्यूयॉर्क जायंट्स यांचीही नोंद नेमकी तेवढीच होती, परंतु बरोबरी सोडवण्याच्या नियमाने पहिली पाळी पुन्हा सॅन डिएगोला आली. बटलर यांचे २००३ मध्ये निधन झाले होते आणि निर्णय ए. जे. स्मिथ यांच्या हाती होता.

आता वाचकांनी क्षणभर स्मिथ यांच्या खुर्चीत बसून पाहावे. समोरचे आकडे सांगतात की क्वार्टरबॅक अपयशी आहे. पण अपयश त्याचे की त्याच्या परिस्थितीचे? या खेळात क्वार्टरबॅकच्या नावावर विजय-पराभव लिहिण्याची प्रथा आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती फार दिशाभूल करते. त्याच संघात टॉमलिन्सनने २००३ मध्ये धावत १६०० हून अधिक यार्ड कमावले आणि वर १०० चेंडू झेलले; एका हंगामात एक हजार यार्ड धावून शंभर चेंडू झेलणारा तो पहिलाच खेळाडू. इतका समर्थ साथीदार असूनही संघ हरत होता, हे ब्रीझच्या विरोधात जाते. दुसऱ्या बाजूला बचाव दुबळा होता आणि संरक्षक फळी बदलण्याच्या अवस्थेत होती. धंदा तोट्यात गेला की दोष नेहमी गल्ल्यावर बसणाऱ्याचाच असतो असे नाही.

याचे ठळक उदाहरण त्याच काळात ह्यूस्टनमध्ये घडत होते. नव्याने स्थापन झालेल्या त्या संघाने २००२ मध्ये पहिल्या पाळीवर डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला, पण त्याच्यापुढची फळी उभी केली नाही. पहिल्या हंगामात कारला चेंडू हातात असतानाच ७६ वेळा जमिनीवर पाडण्यात आले. तो या लीगमधील उच्चांक आहे. २००५ मध्येही हा आकडा ६८ होता. अशा अवस्थेत खेळाडूची गुणवत्ता मोजायची तरी कशी? इमारतीचा पाया न घालता वरचा मजला बांधून, तो खचल्यावर गवंड्याला दोष देण्यासारखे ते झाले.

स्मिथ यांच्यापुढे तिसरीही गोष्ट होती. ब्रीझच्या करारात एकच वर्ष उरले होते. तो २००४ मध्ये अपयशी ठरला तर संघाकडे क्वार्टरबॅक उरणार नाही. यशस्वी झाला तर तो महाग होईल आणि निघूनही जाऊ शकेल. शिवाय पहिली पाळी दर वर्षी येत नाही, आणि येऊ नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर नवा क्वार्टरबॅक घेण्याच्या बाजूने पारडे झुकते. त्यासाठी ब्रीझ वाईट आहे असे सिद्ध होण्याची गरज नव्हती. तो चांगला आहे याची खात्री नसणे पुरेसे होते.

अग्रक्रमाची किंमत

घ्यायचा हे ठरले तरी किती किंमतीला, हा प्रश्न उरतोच. डॅलस काउबॉईज संघाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात, १९९० च्या दशकाच्या आरंभी, प्रत्येक पाळीला गुण देणारा एक तक्ता तयार झाला आणि पुढे तोच सर्वत्र वापरात आला. पहिल्या पाळीला ३००० गुण, दुसरीला २६००, चौथीला १८००, ३२ वीला ५९०. म्हणजे पहिली पाळी ३२ व्या पाळीच्या पाचपट मोलाची. खेळाडूंमध्ये खरोखर इतका फरक असतो काय?

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांचा निबंध २००५ पासून चर्चेत होता आणि २०१३ मध्ये नियतकालिकात प्रसिद्ध झाला. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दाखवून दिले की एकाच स्थानावर खेळणाऱ्या आणि लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधीचा खेळाडू सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के असते. नाणे फेकले तर ५० टक्के. वर्षभराची पाहणी, मुलाखती, धावण्याच्या चाचण्या, वैद्यकीय तपासण्या, आणि हाती आलेले ज्ञान एवढेच! अर्थात याचा अर्थ पहिला आणि शंभरावा सारखेच असा नव्हे. अंतर वाढते तशी खात्रीही वाढते. परंतु शेजारच्या दोघांमधील भेदासाठी संघ जी किंमत मोजतात, तिला आधार सापडत नाही.

याच निबंधातील दुसरा निष्कर्ष बँकेच्या वाचकांना अधिक भावेल. आज दुसऱ्या फेरीतील हक्क हवा असेल तर संघ पुढील वर्षाचा पहिल्या फेरीतील हक्क देऊन टाकतात. यात दडलेला व्याजदर काढला तर तो वर्षाला शंभर टक्क्यांहून अधिक भरतो. गावोगावच्या सावकारीच्या कथा आपण ऐकल्या आहेत, पण नावाजलेल्या संघांचे मालक स्वखुशीने असल्या दराने कर्ज उचलतात हे वाचून कोणीही थक्क व्हावे. कारण उघड आहे. प्रशिक्षकाला पुढच्या वर्षी आपण या खुर्चीत असू याची शाश्वती नसते. त्यामुळे पुढच्या वर्षीचे नुकसान त्याला दुसऱ्याचे वाटते.

१९९८ मध्ये सॅन डिएगो या व्यवहारात ऋणको होता. २००४ मध्ये तो धनको झाला.

दोघेही ठेवण्याचा निर्णय

२००४ चा सर्वांत गाजलेला क्वार्टरबॅक म्हणजे पेटनचा धाकटा भाऊ ईलाय मॅनिंग. मात्र आपण सॅन डिएगोसाठी खेळणार नाही, असे त्याच्या बाजूने ड्राफ्टपूर्वीच स्पष्ट करण्यात आले होते. स्मिथ यांनी २४ एप्रिल २००४ रोजी तरीही त्याचेच नाव पुकारले. चौथ्या पाळीवर न्यूयॉर्क जायंट्सनी फिलिप रिव्हर्सला घेतले आणि थोड्याच वेळात दोघांची अदलाबदल जाहीर झाली. मॅनिंगच्या बदल्यात सॅन डिएगोला रिव्हर्स मिळालाच, शिवाय त्या वर्षीचा तिसऱ्या फेरीतील हक्क, २००५ चा पहिल्या फेरीतील हक्क आणि २००५ चा पाचव्या फेरीतील हक्क मिळाला.

तक्त्याप्रमाणे मांडून पाहू. दिले ३००० गुण. मिळाली चौथ्या पाळीची किंमत १८००. तिसऱ्या फेरीतील ६५ व्या पाळीचे २६५. आणि पुढील वर्षीचा हक्क, जो प्रत्यक्षात १२ वा ठरला, त्याचे १२००. बेरीज ३२६५, पाचव्या फेरीचा हक्क वेगळाच. त्या १२ व्या पाळीवर शॉन मेरिमन आला आणि २००५ मधील सर्वोत्कृष्ट नवोदित बचावपटू ठरला. पाचव्या फेरीच्या हक्काच्या बदल्यात टॅम्पा बेकडून रोमन ओबेन हा संरक्षक फळीतील अनुभवी खेळाडू घेण्यात आला. मॅनिंग आणि रिव्हर्स यांच्यात कोण सरस, हे त्या दिवशी छातीठोकपणे कोणालाही सांगता आले नसते. मग जो फरक सिद्ध करता येत नाही, त्याच्या मोबदल्यात एवढे मिळत असेल तर घ्यावे, हा विचार प्रस्तुत लेखकाला अत्यंत समंजस वाटतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की स्मिथ यांनी ब्रीझला सोडले नाही. करारावरून ताणाताणी होऊन रिव्हर्स सराव शिबिरात उशिरा दाखल झाला आणि पहिल्या सामन्याला ब्रीझच उतरला. संरक्षक फळी जवळजवळ नव्याने उभी केली होती. बचावाची सूत्रे वेड फिलिप्स यांच्याकडे आली होती. अँटोनिओ गेट्स हा विद्यापीठात बास्केटबॉल खेळलेला आणि ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला तरुण एकाएकी बहरला. त्याने त्या हंगामात १३ टचडाउन झेलले. ब्रीझने २७ टचडाउन फेकले, हिरावले गेले ते केवळ सात चेंडू. संघाने १२ सामने जिंकले. पुनरागमन करणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान ब्रीझला मिळाला.

हे श्रेय कोणाचे? मानेवर रिव्हर्सची टांगती तलवार आल्याने ब्रीझ जागा झाला, असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. फळी, बचाव, गेट्स हे सारे एकाच वेळी बदलले असताना त्यांतील एकाच कारणावर बोट ठेवणे कठीण आहे. एवढे मात्र निश्चित की ब्रीझ २००३ मध्ये जितका वाईट दिसला तितका तो नव्हता.

बाद फेरीत न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध जादा वेळेत ४० यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारण्याची संधी सॅन डिएगोला मिळाली होती. ती नेट केडिंगने दवडली आणि संघ १७-२० असा हरला. केडिंग हा जायंट्सकडून मिळालेल्या तिसऱ्या फेरीच्या हक्कावरच घेतलेला खेळाडू होता.

ॲरिझोनाची उलट वाट

दोघांना एकत्र ठेवणे सॅन डिएगोला परवडले ते ब्रीझचा जुना करार स्वस्त होता म्हणून. २०११ पूर्वी पहिल्या पाळीचा खेळाडू अतिशय महाग असे. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११ मध्ये नवोदितांच्या वेतनावर मर्यादा आली आणि त्याच वर्षीच्या पहिल्या खेळाडूचा, कॅम न्यूटनचा, चार वर्षांचा करार २ कोटी २० लाखांचा झाला. चुकीच्या निवडीची किंमत अशी एकदम उतरल्यावर संघ निवड लवकर बदलू लागले.

ॲरिझोनाने २०१८ मध्ये आणखी दोन हक्क देऊन १५ व्या पाळीवरून १० वी मिळवली आणि जॉश रोझन हा क्वार्टरबॅक घेतला. रोझन ४५ वेळा पाडला गेला, ११ टचडाउनांपुढे १४ चेंडू हिरावले गेले आणि संघाचे तीन विजय, तेरा पराभव झाले. २०१९ मध्ये पहिली पाळी हाती येताच ॲरिझोनाने कायलर मरे हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला आणि रोझन मायामीला दिला. मोबदला मुख्यतः ६२ वी पाळी. तक्त्यावर १३०० गुणांची वस्तू वर्षभरात २८४ गुणांना गेली.

गतवर्षीच एवढी किंमत मोजली असताना पुन्हा तेच का, अशी टीका झाली. ही टीका मान्य करता येत नाही. २०१८ मध्ये दिलेले हक्क कोणत्याही मार्गाने परत येणार नव्हते. बुडालेली रक्कम वाचवण्याच्या नावाखाली त्याच खात्यात पुन्हा कर्ज देणे काय अनर्थ करते, हे वसुली विभागात काम केलेल्यांना सांगायला नको. टीका करायचीच तर ती निदानावर करावी. पाडला जाणारा क्वार्टरबॅक बदलला, पण २०१९ चा हंगामही पाच विजय, दहा पराभव आणि एक बरोबरी असाच गेला. मरेला मात्र सर्वोत्कृष्ट नवोदित आक्रमक खेळाडूचा सन्मान मिळाला आणि २०२१ मध्ये संघाने ११ विजयांपर्यंत मजल मारली.

खांद्याची दुखापत

पुन्हा सॅन डिएगोकडे वळू. २००५ मध्ये ब्रीझला सुमारे ८० लाख डॉलर देऊन एका वर्षापुरते राखून ठेवण्यात आले. रिव्हर्स बसून होता. पहिल्या दोन हंगामांत त्याने मिळून ३० चेंडू फेकले. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, ३१ डिसेंबर २००५ रोजी, डेन्व्हरविरुद्ध ब्रीझचा चेंडू फेकणाऱ्या हाताचा खांदा निखळला आणि आतील ऊती फाटली. दोन महिन्यांनी त्याचा करार संपत होता. सॅन डिएगोने प्रस्ताव दिला, पण हमीची रक्कम तुटपुंजी आणि उर्वरित सारे कामगिरीवर अवलंबून. मायामीच्या डॉक्टरांनाही खांद्याचा भरवसा वाटला नाही. कतरीना चक्रीवादळाने होरपळलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या संघाने, जो २००५ मध्ये तीनच सामने जिंकला होता, सहा वर्षांसाठी ६ कोटी डॉलरचा करार पुढे केला.

फेब्रुवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सने इंडियानापोलिसला ३१-१७ असे हरवून विजेतेपद मिळवले आणि अंतिम सामन्याचा मानकरी ब्रीझ ठरला. ईलाय मॅनिंगने जायंट्सना २००८ आणि २०१२ मध्ये अंतिम सामना जिंकून दिला. एवढ्यावरून सॅन डिएगोचा २००४ चा निर्णय चुकला असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण निकाल आणि निर्णय यांचे लेखापरीक्षण वेगवेगळे करावे लागते. २००४ मध्ये रिव्हर्स आला नसता तर २००६ च्या मार्चमध्ये संघाच्या हाती फाटलेल्या खांद्याचा, करार संपलेला एकच क्वार्टरबॅक उरला असता. वाद घालायचाच तर तो २००६ च्या प्रस्तावावर घालावा. तो खांदा बरा होण्याची शक्यता न्यू ऑर्लिन्सने अधिक मानली, सॅन डिएगोने कमी. आणि घरात दुसरा खेळाडू तयार असल्याने कमी मानणे सॅन डिएगोला सोपे गेले, हेही खरे.

२००६ मध्ये रिव्हर्सने सूत्रे हाती घेतली आणि संघाने १६ पैकी १४ सामने जिंकले. जानेवारी २००८ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात तो गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असताना खेळला. संघ १२-२१ असा हरला. त्यानंतर अंतिम सामन्याच्या इतक्या जवळ तो संघ रिव्हर्सच्या काळात पुन्हा पोहोचला नाही. २०१७ मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला. २००६ ते २०१९ या १४ हंगामांतील प्रत्येक साखळी सामन्याचा, एकूण २२४ सामन्यांचा, आरंभ रिव्हर्सनेच केला.